अ‍ॅप काढलं, पण प्रोफाइल तिथेच होतं : फोन, जवळीक आणि स्वतःची ओळख

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा घरात असा विषय हेडफोन लावूनही ऐकायची सोय नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. रेकॉर्डिंगच्या वेळी घाईत राहून गेलेले दोन-तीन मुद्देही इथे नीट लिहिलेत.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. नाव-गाव सांगत नाही. वय एकोणीस, पुण्यात शिकायला आलाय, कॉट बेसिसवर राहतो. त्याने लिहिलं होतं, की दादा, मी रोज रात्री डेटिंग अ‍ॅप टाकतो. 'कोणामध्ये इंटरेस्ट आहे' या प्रश्नाला कधी मुली निवडतो, कधी मुलं, कधी दोन्ही. सकाळी भीती वाटते, मग अ‍ॅप काढून टाकतो. मी नक्की कोण आहे हे यावरून कळतं का? की अ‍ॅपमुळेच मी असा झालोय?

यात त्याने दोन प्रश्न विचारलेत. तिसरा त्याला सुचलेलाच नाही: सकाळी अ‍ॅप काढल्यावर ते खरंच जातं का? आधी या तिसऱ्याचं उत्तर देतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

माझी गोष्ट

मी २०१५ मध्ये इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. पहिलं वर्ष एक जीबी डेटा महिनाभर पुरवण्यात गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हॉस्टेलची अख्खी विंग रात्रभर जागी राहायला लागली. कोणी मॅच बघायचं, कोणी वेब सिरीज. मी चादरीत तोंड खुपसून एक अ‍ॅप टाकलं, अर्धा चेहरा दिसेल असा फोटो लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'पुरुष' या पर्यायासमोर टिक केलं. सकाळी अ‍ॅप काढलं. असं दहा-बारा वेळा तरी केलं असेल.

चार महिन्यांनी लॅबमध्ये वर्गातल्या एकाने फोन पुढे केला. स्क्रीनशॉट होता. 'हा तूच ना?' मी नाही म्हणालो. पण फोटोत मागे आमच्याच हॉस्टेलची खिडकी होती. पुढचे दोन महिने मी मेसमध्ये रांग संपल्यावर जात होतो, म्हणजे कोणाशेजारी बसावं लागू नये. तेव्हा कलम ३७७ लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला काढून घेतला होता. त्यामुळे नुसती लाज नव्हती, पोलिसांचीही भीती होती.

झालं काय होतं? तुम्ही बँकेचं अ‍ॅप फोनमधून काढलं तर बँकेतलं खातं बंद होतं का? नाही ना? तसंच हे. फोनवरचं अ‍ॅप म्हणजे नुसती खिडकी. तुमचं नाव, फोटो, शेवटचं लोकेशन हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. खिडकी बंद केल्याने आतलं काही पुसलं जात नाही. मी रोज सकाळी अ‍ॅप 'काढत' होतो आणि माझं प्रोफाइल मात्र आरामात फिरत होतं.

म्हणून पहिलं काम: अ‍ॅप काढण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिलीट अकाउंट' करा. अकाउंट उघडायची सोय असेल तर ते डिलीट करायची सोयही अ‍ॅपमध्ये द्यावी लागते, हा गूगल आणि अ‍ॅपल दोघांच्याही स्टोअरचा नियम आहे. फक्त थोडं विचार करायला वेळ हवा असेल, तर बहुतेक अ‍ॅप्समध्ये प्रोफाइल लपवायचा किंवा थांबवायचा पर्याय असतो.

हा प्रश्न फोनच्या आधीचा आहे

'अ‍ॅपमुळे मी असा झालो का?' या प्रश्नासाठी जरा मागे जाऊ. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. त्यात वाचक लैंगिक आयुष्याबद्दलचे प्रश्न पत्रातून विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलैंगिकता या विषयांवरच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला. मासिक बंद पडलं नाही.

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही महाराष्ट्रात माणसं हेच विचारत होती. फक्त पोस्टाच्या पाकिटातून.

दुसरं नाव पुण्याचं, आणि आमच्याच धंद्यातलं. बिंदुमाधव खिरे अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. तिथून परत येऊन त्यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. हेल्पलाइन चालवली, मराठीत लिहिलं. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी (व. पु. काळ्यांची नव्हे, ही वेगळी) आणि 'इंद्रधनु' हे पुस्तक आमच्यातल्या कित्येकांनी कव्हर घालून वाचलंय. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात पहिली प्राइड निघाली. त्यात चालणाऱ्यांपैकी बहुतेकांची ओळख फोनमध्ये अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधी ठरलेली होती.

तेव्हा अ‍ॅप कोणाला 'तसं' बनवत नाही. पत्र, हेल्पलाइन, अ‍ॅप, या सगळ्यांचं काम एकच: जे मनात आधीच आहे ते कोणी न रागावता बोलून बघायची जागा देणं. पुण्यात पुरुषोत्तमच्या तालमी बघितल्यात ना? तालमीत वाक्य चुकलं तर पुन्हा घेतात, कोणी हसत नाही. स्वतःची ओळख शोधतानाही अशी तालमीची खोली लागते. फोन ती देऊ शकतो. कशी, ते चार मुद्द्यांत बघू.

एक : शब्द

आपल्याकडे घरात या गोष्टींना शब्दच नसतात, आणि असतात ते शिव्या म्हणून. गे किंवा लेस्बियन म्हणजे समलैंगिक. दोन्हींकडे, किंवा एकापेक्षा जास्त जेंडरकडे ओढ वाटणं म्हणजे उभयलैंगिक. लैंगिक ओढ जवळपास वाटतच नाही, ती व्यक्ती अलैंगिक. जन्माच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं लिंग आणि स्वतःला आतून वाटणारं लिंग वेगळं असेल, तर ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी. शब्द सापडला की निम्मं एकटेपण जातं, कारण शब्द आहे म्हणजे तो वापरणारी आणखी माणसं आहेत.

एक सावधानता. मी मराठीत सर्च केलं तेव्हा 'उपाय' विकणारे व्हिडिओ आधी आले होते. लक्षात ठेवा, समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला तो आजारांच्या यादीतून काढला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असा 'बदलण्याचा उपचार' करणं म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कोणी पैसे घेऊन बदलून देतो म्हणाला, तर तो तुम्हाला फसवतोय.

दोन : प्रोफाइल बदलून बघणं

आम्ही डेव्हलपर लोक डेटाबेस बनवतो तेव्हा जेंडर म्हणजे टेबलातला एक कॉलम असतो. वर्षानुवर्षं त्यात दोनच किमती असायच्या, एम किंवा एफ. तिसरं काही टाकलं की एरर. आता विचार करा, सतरा वर्षांचं पोर कॉलेजच्या फॉर्मवर अडखळतं तेव्हा त्याला वाटतं चूक आपली आहे. खरं तर चूक कॉलम बनवणाऱ्याची असते. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचं जेंडर स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. टिंडरने २०१६ मध्ये अमेरिकेत दोनापलीकडचे जेंडर पर्याय आणले, पुढे भारतातही आले.

अशा एका यादीचा फायदा काय? तिथे तुम्ही आज एक पर्याय निवडून बघू शकता, पुढच्या महिन्यात बदलू शकता, रिकामाही ठेवू शकता. आई-बाबांसमोर एकदा बोललेला शब्द मागे घेता येत नाही. इथे घेता येतो.

तीन : आरसा

माझी एक मैत्रीण आहे. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत होते, ती स्वतःसुद्धा. पब्जीत ती कायम मुलीचं कॅरेक्टर घ्यायची. आम्ही चिडवायचो. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, फेसअ‍ॅपचा जेंडर बदलणारा फिल्टर व्हायरल झाला. सगळ्यांनी फोटो टाकले, हसले, डिलीट केले. तिने डिलीट केला नाही. नंतर तिने मला सांगितलं, की तो फोटो बघून तिला पहिल्यांदा 'ही मी' असं वाटलं. पुढे दोन वर्षं समुपदेशकाशी बोलून, विचार करून तिने स्वतःचं नाव बदललं.

पण नीट ऐका. मुलीचं कॅरेक्टर घेणारी हजारो मुलं आहेत आणि ती मुलंच आहेत. फिल्टर निदान करत नाही. कॅरेक्टर बंद केल्यावर, फिल्टर काढल्यावर तुम्हाला काय वाटतं, ते महत्त्वाचं. गंमत वाटली का? की परत आपल्या चेहऱ्याकडे बघताना जड गेलं? आणि एकदा वाटणं वेगळं, वर्षभर वाटत राहणं वेगळं.

चार : स्वतःचं शरीर

जवळिकीचं तंत्रज्ञान म्हणजे फक्त डेटिंग अ‍ॅप नाही. पाळीची नोंद ठेवणारी अ‍ॅप्स, लैंगिक आरोग्याची माहिती देणारी पॉडकास्ट, आणि हो, व्हायब्रेटरसारखी उपकरणंही त्यात येतात. खासकरून मुलींना आपल्याला काय आवडतं हे शोधायची परवानगीच नसते. लग्नाआधी विचारायचं नाही, लग्नानंतर उशीर झालेला असतो. कस्टम्सने बॉडी मसाजरचा माल 'हे प्रौढांचं खेळणं, म्हणजे अश्लील' म्हणून अडवला होता. त्या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचं म्हणणं फेटाळलं आणि बॉडी मसाजर ही काही बंदी घातलेली अश्लील वस्तू नव्हे, असं ठरवलं. दुसऱ्या कोणाला आपल्यात आणण्याआधी स्वतःचं शरीर ओळखणं यात लाजण्यासारखं काही नाही. ओढ कोणाकडे आहे हे कळायलाही त्याने मदत होते.

आता खोलीच्या भिंती तपासू

तालमीची खोली तेव्हाच कामाची, जेव्हा बाहेर ऐकू जात नाही. इथे इंजिनिअर म्हणून चार गोष्टी सांगतो.

अंतर. बरीच अ‍ॅप्स समोरचा 'किती दूर' ते दाखवतात. निरुपद्रवी वाटतं ना? समजा, मी अलका टॉकीज चौकात उभा राहून बघितलं, तुम्ही ९०० मीटरवर. म्हणजे चौकाभोवती ९०० मीटरचं एक वर्तुळ काढलं तर तुम्ही त्या रेषेवर कुठेतरी. मग डेक्कनवरून बघितलं, दुसरं वर्तुळ. शनिवारवाड्यावरून तिसरं. तीन वर्तुळं एकाच ठिकाणी छेदतात, आणि ती तुमची बिल्डिंग. यासाठी फिरावंही लागत नाही, फोनला खोटं जीपीएस लोकेशन देता येतं. २०१४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ग्राइंडरवर हे करून दाखवलं होतं, त्यानंतर काही देशांत त्या अ‍ॅपने अंतर दाखवणं बंद केलं. अंतर लपवायचा पर्याय असेल तर चालू करा, आणि अ‍ॅपला 'अचूक लोकेशन'ऐवजी 'अंदाजे लोकेशन'चीच परवानगी द्या. दोन्ही केलंत तरी शंभर टक्के लपलात असं समजू नका.

नंबर. खोटं नाव लावून गप्पा मारता आणि मग सहज व्हॉट्सअ‍ॅप नंबर देता. ट्रूकॉलरवर नंबर टाकला की खरं नाव. चहाचे वीस रुपये यूपीआयने पाठवले की बँकेतलं पूर्ण नाव. आपल्याकडे आडनावावरून गाव आणि घर शोधायला एक संध्याकाळ पुरते. ओळख पक्की होईपर्यंत गप्पा अ‍ॅपमध्येच ठेवा, पहिल्या चहाचे पैसे रोख द्या.

फोटो. चेहरा आणि उघडं शरीर एकाच फोटोत नको. गॅलरीचा बॅकअप घरच्यांच्या अकाउंटला किंवा हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला नाही ना, बघा. नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसणं बंद करा.

कंपनी. आरसा तुमचा, पण त्याची मालकी दुसऱ्याची. ग्राइंडरने युजर्सची माहिती योग्य संमतीशिवाय जाहिरात कंपन्यांना दिली म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने ६.५ कोटी क्रोनचा दंड केला. एआय सोबत्यांचंही तेच. रेप्लिका नावाच्या चॅटबॉटने फेब्रुवारी २०२३ मध्ये कामुक बोलणं अचानक बंद केलं आणि रोज त्याच्याशी मन मोकळं करणारी माणसं हादरली. एका अपडेटमध्ये नातं बदललं. एआयला पहिला प्रश्न जरूर विचारा, पण खरं नाव आणि कॉलेज न सांगता. आणि शेवटचा शब्द त्याचा नसू दे.

कोणी फोटोवरून ब्लॅकमेल केलं, तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. 'मी गे आहे हे पोलिसांना कळलं तर?' असं वाटेल. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. गुन्हा खंडणी मागणाऱ्याचा आहे. जिव्हाळ्याचे फोटो पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सोय वापरा. त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, तोच फेसबुक, इन्स्टाग्राम, बंबल यांसारख्या कंपन्यांना जातो, आणि तसा ठसा जुळणारा फोटो त्यांना रोखता येतो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. डेटिंग अ‍ॅप्सही अठरानंतरच. तुम्ही लहान असाल तर शब्द शोधा, वाचा, ऐका. भेटायची घाई नको.

तर मग, त्या एकोणीस वर्षांच्या मित्रा

अ‍ॅपवरून तू कोण हे कळत नाही. अल्गोरिदमला एवढंच कळतं, की कोणत्या फोटोवर तुझा अंगठा किती सेकंद थांबला. तू कुतूहलाने थांबलास, ओढीने थांबलास की घाबरून, त्याला फरक कळत नाही. तो तसलंच आणखी दाखवतो आणि तुला वाटतं, याला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे. त्याला काही माहीत नाही. माहीत व्हायचं ते तुलाच.

कधी मुली, कधी मुलं, कधी दोन्ही निवडणं यात गोंधळ काही नाही. तू बघतोयस. त्याला वेळ लागतो. मला टिक केल्यापासून आईला सांगेपर्यंत सात वर्षं लागली. आई म्हणाली, 'जेवलास का?' आणि दोन दिवस त्या विषयावर काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, 'तुला त्रास दिला का रे कोणी?' मी मेसच्या रांगेबद्दल तेव्हा पहिल्यांदा बोललो.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लॅबमध्ये ज्याने स्क्रीनशॉट दाखवला, त्याला माझं प्रोफाइल दिसलं कसं? ते दिसायला तो स्वतः त्या अ‍ॅपवर असायला हवा. कदाचित गंमत बघायला आला असेल. कदाचित माझ्याइतकाच घाबरलेला असेल, आणि 'हा तूच ना?' हा त्याचा विचारायचा एकच मार्ग असेल. मी 'नाही' म्हणालो आणि विषय संपला. आज मी त्याला चहाला नेलं असतं.

म्हणून शेवटचं. तालीम किती दिवस करायची ते तू ठरव, पण कधीतरी एका जिवंत माणसाशी बोल. पुण्यात मिस्टसारख्या संस्थांचं काम आहे, तिथे तुझ्यासारखे भेटतील. फार घुसमट होत असेल तर टेली-मानस, १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

आज रात्री अ‍ॅप टाकलंस तर टाक. उद्या सकाळी नको वाटलं, तर आधी अकाउंट डिलीट कर, मग अ‍ॅप काढ. हा क्रम तेवढा चुकवू नकोस.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. नाव न लिहिता पाठवलेत तरी चालेल, आम्ही वाचतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!